गाऱ्हाण्यात ठरलेलं लग्न

२६ जानेवारी. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी मंडळाचा सत्यनारायण, आणि मधला सगळा वेळ मी मंडळाच्या खोलीमागे रवा भाजत उभी. प्रसादाचा शिरा दरवर्षी माझ्याकडे असतो. मोठ्या कढईत रवा भाजायचा तर हात थांबवून चालत नाही, थांबला की खालून लागतो. त्या दिवशी माझा हात जरा जास्तच जोरात चालला होता. शेजारी नारळ खवत बसलेल्या बाईने दोनदा विचारलं, काय गं, कुणाचा राग काढतेस? मी म्हटलं, रव्याचा.

आमचं मंडळ मुलुंडचं. पूर्वी चाळी होत्या, आता दोन टॉवर आहेत आणि बिल्डरने सोडलेल्या जागेत कबड्डीचं मैदान. बहुतेक घरं मालवण-कणकवलीकडची. म्हातारे गिरणीत होते, आता कुणी बँकेत, कुणी कॉल सेंटरमध्ये, मी शाळेच्या ऑफिसात. माझा धाकटा भाऊ याच मैदानात तयार झाला. आज तो टीव्हीवरच्या लीगमध्ये रेडर आहे. गुडघ्याने साथ दिली तर अजून दोन-तीन सीझन खेळेल. म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही. त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की लिही, पण मला चांगला दाखवू नकोस. तशी माझी इच्छाही नव्हती.

रागाचं कारण असं. आठवड्यापूर्वी दादाचा, म्हणजे आमच्या थोरल्या भावाचा फोन आला. दादा मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि आई गेल्यापासून स्वतःला घराचाही सेक्रेटरी समजतो. धाकट्यासाठी घाटकोपरची मुलगी बघितली, मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, माणसं आपल्याकडचीच आहेत, आणि धाकटा हो म्हणाला, असं त्याने एका दमात सांगितलं. मी विचारलं, धाकटा स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला? दादा म्हणाला, मग काय माझ्या तोंडाने म्हणणार?

माझ्या लेखी धाकट्याचं लग्न कधीच झालं होतं. बोरिवलीला तो सहा वर्षं एका माणसाबरोबर राहतो. माणूस मनोरीचा, मार्व्याहून होडीने खाडीपलीकडे जावं लागतं त्या गावचा. तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातला, आई अजून गावात सुकी मासळी विकते. हा फिजिओथेरपिस्ट. धाकट्याचा गुडघा पहिल्यांदा गेला तेव्हा यानेच त्याला उभं केलं. आमच्याकडे सगळे त्याला मनोरीवाला म्हणतात. मराठी आमच्याइतकंच बोलतो, सुरात थोडं वेगळं. गणपतीला येतो, आरतीला टाळ वाजवतो, आणि मंडळातल्या पोरांचे मुरगळलेले घोटे फुकट बघतो. मंडळाला तो फार आवडतो. धाकट्याचा मित्र म्हणून.

मला कळलं ते पहिल्याच वर्षी, धाकट्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मी डबा घेऊन बोरिवलीला गेले होते. धाकटा व्यायाम न करता मोबाईल बघत पडला होता, आणि मनोरीवाला त्याला झापत होता. काय झापत होता! तुला उचलून उचलून माझी कंबर गेली, तुझ्या औषधाच्या वेळा मी पाठ करायच्या, आणि तू रिळं बघ. मित्र असं ओरडत नाही. त्या ओरडण्यात घर होतं. मी डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, तुम्ही दोघं एकत्र आहात ना? मनोरीवाला आत जाऊन एकच टोप बराच वेळ घासत राहिला. धाकटा म्हणाला, ताई, कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, भाजी गरम आहे तोवर जेवून घ्या.

तेव्हापासून मी कुणाला सांगितलं नाही. पण चीड येते ती येतेच. हा खेळ कसला आहे बघा. सात पुरुष एका पुरुषाच्या मांड्यांना, कमरेला, पायांना मिठ्या मारून त्याला खाली पाडतात, सगळा देश चहा पीत बघतो, आणि गुण मिळाला की ते एकमेकांचे मुकेही घेतात. त्याचं कुणालाच काही नाही. पण माझ्या भावाने मार्व्याच्या जेट्टीवर त्या माणसाचा हात धरला, तर त्याची टीम, त्याची जाहिरात, त्याचं मंडळ, सगळ्याची वाट लागणार. म्हणून सहा वर्षं त्यांनी हात धरला नाही. होडीतसुद्धा मध्ये पिशवी ठेवून बसतात. मी स्वतः पाहिलंय.

तर दादाचा फोन ठेवून मी धाकट्याला फोन केला. तो सुरतेला कॅम्पला होता. मी विचारलं, हे काय ऐकते मी? तो म्हणाला, भेटल्यावर बोलू. मी म्हटलं, मनोरीवाल्याला सांगितलंस का? सांगतो. कधी? पूजेच्या आधी सांगतो, ताई, शप्पथ.

पूजेला दोघं एकत्रच आले. मनोरीवाल्याने सगळ्या बायकांसाठी गजरे आणले होते, एक माझ्या डोक्यात स्वतः माळला आणि म्हणाला, ताई, आज चेहरा असा का? त्याला काही माहीत नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. मी धाकट्याकडे बघितलं. तो पोरांना सह्या देण्यात गर्क झाला.

घाटकोपरची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. मुलगी, तिचे आईवडील. मुलगी शांत, चष्मा, साधी साडी. मी तिला पाणी नेऊन दिलं आणि मला तिच्याकडे बघवेना.

कथा झाली, आरती झाली. मग आमच्याकडे गाऱ्हाणं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावच्या पद्धतीप्रमाणे एक मोठा माणूस हात जोडून देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं घालतो, आणि प्रत्येक मागणं संपलं की जमलेली माणसं एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणतात. मागणं काय आहे ते कुणी ऐकत नाही. आवाज खाली आला की आपण म्हणायचं, एवढंच अंगवळणी पडलेलं असतं. मनोरीवाल्याला हा प्रकार पहिल्या वर्षापासून आवडायचा. त्याचा आवाज खणखणीत. पोरं मुद्दाम त्याच्या भोवती उभी राहायची.

दादाने माईक घेतला. मंडळाची सेवा गोड मानून घे, झालं. पोरांना नोकऱ्या लागू दे, झालं. म्हाताऱ्यांचे गुडघे सांभाळ, यावर हशा झाला. मग दादाने आवाज चढवला.

“आणि देवा म्हाराजा, आमच्या मैदानाचो हो झील, तेचा लगीन आज घाटकोपरच्या पाव्हण्यांच्या चेडवावांगडा ठरला हा, ता ह्या वर्सात निर्विघ्नपणी पार पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज मनोरीवाल्याचा होता.

म्हणून झाल्यावर त्याला वाक्य कळलं, की धाकट्याचं लग्न घाटकोपरच्या मुलीशी ठरलंय. हात जोडलेलेच होते. त्याने आधी दादाकडे बघितलं, मग पुढच्या रांगेतल्या मुलीकडे, मग धाकट्याकडे. धाकटा मान खाली घालून उभा होता. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी धाकट्याला खांद्यावर घेत होतं. गाऱ्हाणं पुढे चालू राहिलं, दोन-तीन मागणी अजून होती. मनोरीवाला त्यांनाही व्हय म्हणाला, ओठ हलवून. मग खुर्च्या उचलायला लागला. दरवर्षी तोच उचलतो. सगळ्या एकावर एक रचून झाल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, ताई, शिरा नको, निघतो, मम्मीकडे जातो. तरी मी त्याच्या हातात द्रोण दिला. त्याने घेतला, कारण मला नाही म्हणायची त्याला सवय नाही.

धाकट्याला मी खोलीमागे बोलावलं. मी कढई घासायला घेतली होती. हातात काथ्या नसता तर मी त्याला मारलं असतं, एकतीस वर्षांच्या घोड्याला.

तो आपणहून सांगायला लागला. टीममध्ये कुजबुज आहे. बसमध्ये एक सीनियर म्हणाला, काय रे, आमची वहिनी रोज दाढी करते की दिवसाआड? सगळे हसले, हाही हसला. लीगमध्ये खेळाडूंच्या पुढच्या लिलावात कुठल्याच टीमने हात वर केला नाही तर संपलं. लग्न झालं की तोंडं बंद होतील. एक-दोन सीझन निघतील, मग बघू.

“मग काय बघणार?” मी विचारलं.

“काहीतरी करू ना, ताई.”

“लपायचंय तर लप. मी सहा वर्षं तुझ्याबरोबर लपतेच आहे. पण त्यासाठी दुसऱ्याची मुलगी कशाला लागते तुला? ती काय पडदा आहे?”

तो म्हणाला, मी तिला नीट वागवीन. मी म्हटलं, नीट म्हणजे कसं, आज त्याला वागवलंस तसं? तेव्हा तो रडला. मला दया आली नाही. रडण्याचा हक्क त्या दिवशी दोघांना होता, त्यात हा नव्हता. मी सांगितलं, उद्या सकाळी घाटकोपरला जाऊन नाही म्हणायचं. कारण सांगू नकोस, ते तुझं आहे. पण नाही तू म्हणायचं. तू गेला नाहीस तर मी जाईन, आणि मी गेले तर मला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे.

हे बोलणं चालू असताना दादा आला. मी त्यालाही सांगून टाकलं की लग्न होणार नाही.

दादा भडकला. देवासमोर गाऱ्हाणं घातलंय, एवढी माणसं व्हय म्हणाली, आता माघार? मी म्हटलं, मी म्हणाले नव्हते. तो म्हणाला, तू कोण? मी म्हटलं, त्याची बहीण. तू घातलेलं गाऱ्हाणं तू परत घे, आणि कारण विचारलंस तर मी...

“मला काही सांगू नकोस,” दादा म्हणाला. एकदम हळू. “मला काही ऐकायचं नाहीये.”

मी कढई खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की मी एकटीच जाणते. दादालाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घाई होती, म्हणूनच माईक, म्हणूनच भरल्या मंडपात गाऱ्हाणं, म्हणजे धाकट्याला मागे फिरायला वाट उरू नये. आणि तिकडे त्या मुलीचे वडील वाटेत दादाला त्याच्या घरी सोडायला गाडी काढत होते. मी आयुष्यात दादाला शिवी दिलेली नाही. त्या संध्याकाळी दिली. ती इथे लिहीत नाही. ती ऐकून धाकट्याचं रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि घाटकोपरला गेले. धाकटा त्यांच्या बिल्डिंगखाली उभा होता. दाढी केलेली, डोळे सुजलेले. वर गेलो. मुलगी कामाला निघण्याच्या तयारीत होती. तिच्या आईने चहा टाकला. धाकट्याने तिला गॅलरीत बोलावलं, आणि मी दाराशीच बसले असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, मला लग्न करायचं नाही, चूक माझी आहे, तुझी काही नाही, आधी सांगायला हवं होतं.

ती म्हणाली, “काल माईकवरून ठरवलंत आणि आज गॅलरीत मोडताय होय?”

तिने त्याला बाहेरच्या खोलीत आणलं आणि आईवडिलांसमोर सांगितलं की तुमच्या दादांना फोन लावा, स्पीकरवर. नाहीतर उद्या लोक म्हणतील की मुलीत काहीतरी होतं म्हणून खेळाडूने सोडली. वडील बसल्या जागेवरून उठले, पुन्हा बसले. मला म्हणाले, तुम्ही शाळेत असता ना? मी हो म्हटलं. तो प्रश्नच मला सगळ्यात जास्त लागला.

धाकट्याने फोन लावला. “दादा, लग्नाला मी नाही म्हणतोय. तिच्यात काहीही कमी नाही. मंडळाच्या ग्रुपवर तू टाक.” दादाने फोन कापला. मग धाकट्याने तिथेच बसून स्वतः ग्रुपवर लिहायला घेतलं. लिहून मुलीला दाखवलं. तिने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, ‘काही कारणास्तव’ हे शब्द काढा. माझ्याकडून नकार, एवढंच लिहा. त्याने तसं केलं आणि पाठवलं. ती पर्स उचलून लॅबला गेली. चहा तसाच राहिला.

खाली आल्यावर त्याचा फोन वाजत होता, मंडळातली पोरं एकामागून एक. त्याने बंद केला. मला विचारलं, मनोरीला येतेस का माझ्याबरोबर? मी म्हटलं, मी कशाला, मला शाळा आहे. तो म्हणाला, काय बोलू त्याला? मी म्हटलं, मला विचारू नकोस, माझा राग अजून गेलेला नाही. त्याला मेट्रोच्या जिन्याशी सोडलं, तो चढून दिसेनासा झाला तोवर थांबले, आणि मुलुंडला जायला रिक्षा केली.