निकाल न धरलेली कुस्ती

"खोळ वढ्यावर धू. हिरीकडं फिरकू नगंस," वस्ताद म्हणायचे आणि घामानं भिजलेली गादीची खोळ माझ्या पायाशी फेकायचे.

सराव झाला की ती मीच काढायची, मीच धुवायची. वाळली की तालमीतला कुणीतरी तिच्यावर गोमूत्र शिंपडायचा. मी समोर उभा असताना. मग धाकटे सरकार तिच्यावर पाय ठेवायचे.

निपाणीजवळचं आमचं गाव. धाकटे सरकार म्हणजे इनामदारांचा मुलगा. परदेशात जगभरच्या मल्लांची स्पर्धा व्हायची होती. तिथं हलक्या वजनाच्या गटात मुलाला उतरवायचं इनामदारांनी मनावर घेतलं होतं. ती कुस्ती मातीत नाही, गादीवर. सरकारांच्या वजनाचा चपळ जोडीदार तालमीत नव्हता. मांगवाड्यात मी होतो. जत्रेत आमच्या आमच्यात कुस्त्या व्हायच्या, तिथं वस्तादांनी मला पाहिलं होतं.

पण तालमीच्या मातीत मला बंदी. माती बाटते. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती, ती धुणार कशी? खोळ धुता येते. तेवढ्यावर माझं नशीब उघडलं. मागच्या पडवीत गादी घातली आणि मला बोलावलं. माझा घाम सरकारांच्या तोंडावर गळायचा, ते चालायचं. नंतर ते आंघोळ करायचे. मला पाणी मात्र वरून ओतायचे. असली त्यांच्या सोवळ्याची अक्कल.

आणि मला रोज पडायचं असायचं. "सरकारांचा हुरूप मोडाय नगो," वस्ताद बजावायचे. समोर पाय मोकळा दिसायचा, पट काढायला हात आपोआप पुढं जायचा, आणि मी तो मागं घ्यायचो. घरी आलो की भाकरी गोड लागायची नाही.

निवड बेळगावात होती, कॅम्पातल्या मैदानावर. मुंबईहून गोरा साहेब आला होता. सरकारांशी लढणारा काकतीचा पैलवान तापानं फणफणला, आलाच नाही. लढत बघितल्याशिवाय नाव देणार नाही, असं साहेबानं सांगितलं. इनामदारांनी माझ्याकडं बोट केलं. गादी उचलायला मी बरोबर होतोच.

लंगोट कसताना वस्ताद कानाशी आले. "जरा खेळव आन पड. समजलं का रं?"

"व्हय," मी म्हणालो. खरं सांगतो, तोवर पडायचंच मनात होतं.

साहेबानं हात मिळवायला सांगितलं. मी हात पुढं केला. धाकट्या सरकारांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि आपला हात पाठीमागं नेला. पडवीत हाच हात माझ्या मानेला विळखा घालायचा. तिथं बघायला कुणी नसायचं. माझं डोकं फिरलं.

शिट्टी वाजली. मी वाकलो, पट काढला, उचललं आणि खाली घेतलं. दोन्ही खांदे गादीला टेकवले आणि दाबून धरले. ते खालून पुटपुटले, "सोड की रं." सोडलं नाही. साहेबानं गादीवर थाप मारली तेव्हा उठलो.

साहेब माझा हात वर करील म्हणून मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. इनामदार पुढं झाले, इंग्रजीत काहीतरी बोलले. साहेबानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि होकारार्थी मान डोलावली. त्याचा कारकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही सरावाची कुस्ती होती. निकाल धरलेला नाही." आणि लगेच धाकट्या सरकारांचं नाव पुकारलं.

मी पडलो असतो तर धरला असता. माझं पडणं ही कुस्ती. माझं जिंकणं हा सराव. इतके दिवस मला वाटत होतं मी पैलवानकी शिकतोय. मी त्यांचा गडी होतो, दुसरं काही नव्हतो.

इनामदार माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासनं परत ये. झालं त्ये आम्ही इसरलो."

"सरकार, मी जिंकलो म्हणा. मग येतो."

वस्तादांनी पायताण काढून माझ्या तोंडावर मारलं. हात बाटू नये म्हणून पायताण. मी गादी तिथंच टाकली आणि चालू लागलो.

घरी आबांनी, माझ्या वडलांनी, हात जोडले. "जा, पाया पड जा. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचं हाय." मी गेलो नाही. इनामदारांच्या तंबाखूच्या वखारीत मी कामाला होतो, ते काम सुटलं. आबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं भय खोटं नव्हतं. पण त्या भयाची मला किळस यायची, आजही येते. धाकटे सरकार परदेशात पहिल्याच कुस्तीत पडून आले. गावानं त्यांची मिरवणूक काढली.

आता स्वराज्य आलंय म्हणतात. परवा तालमीतला एकजण दारात आला. वस्ताद थकलेत, पोरांना पट शिकवायला माणूस नाही. "आता मातीत उतराय कुणाची ना न्हाय. ये," तो म्हणाला.

मी विचारलं, "बेळगावची ती कुस्ती कुणी मारली, त्ये इनामदार चावडीवर सांगत्यात का?"

"जुनं कशाला उकरतोस?"

उकरणार. त्याला तसाच परत पाठवला. मी जिंकलो होतो, हे इनामदारांच्या तोंडून गावानं ऐकल्याशिवाय त्या मातीत माझा पाय पडायचा नाही. म्हातारा मेला तर मुलानं सांगावं. खांदे त्याचे टेकले होते. त्याला माहीत आहे.