पाण्यात सरणारी ताकद

नेरहून भाच्याची तार आली, ती मी बराच वेळ उघडलीच नाही. शिक्षकांच्या खोलीत ती हातात धरून बसून राहिलो... न उघडताच कळलं होतं. शेवंताबाई, माझी थोरली बहीण, गेली. महिना झाला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त भीती वाटते, आणि ती कशाची ते सांगूनच टाकतो.

पाच वर्षांमागं बाईच्या गालात आतून गाठ झाली. जन्मभर दाढेखाली तंबाखू, दुसरं काय होणार! किरणांच्या उपचारासाठी मी तिला मुंबईला नेलं. शेतात साप निघाला तर काठी घेऊन धावणारी बाई, पण त्या मशीनखाली एकटीनं निजायचं म्हटल्यावर माझा सदरा सोडेना. "भाऊ, आतून जाळून टाकते का रे मले?" मीही आतून हादरलेलोच, पण पडलो पुसदच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर! धर्मशाळेच्या ओट्यावर शिकवायलाच बसलो. म्हटलं, किरण अंगात शिरतात आणि इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण उडवतात. आपलं अंग म्हणजे बहुतेक पाणीच. त्या पाण्यात ते कण धडका खातात, दर धडकेला थोडी ताकद गमावतात आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरातच थांबतात. "पाण्यातून पळून पाह्य, थकतंच ना माणूस?" ती मान हलवत राहिली. मी खूश.

उपचार सुरू झाले आणि आठवड्याभरात तिची जीभ लाकडासारखी झाली. तोंड कोरडं पडेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, म्हणून मी गाफील. मग एका सकाळी मशीनच्या खोलीच्या दारातच ती कोसळली. डोळे खोल गेलेले, नाडी लागेना. बहिणीला मारायलाच आणलं की काय मी इथं? सलाईन लावल्यावर दुपारी ती बोलली. मी भरून ठेवलेला तांब्या तीन दिवस ती मोरीत ओतत होती. गोळीपुरता घोट, बस्स.

"काहून वं बाई?"

"तूच त सांगतलं ना, पाण्यात त्याईची ताकद सरते म्हणून. मंग मी पाणी पेऊन काहून सरवू? निर्जळी एकादश्या धरतोच ना आपण."

मी ओरडलोच. "अवं, जिथं ताकद सरते तिथंच गाठ मरते! ती सरालेच पाह्यजे! आन् पेलेल्या पाण्याचा काही संबंधच नाही त्यात!"

ती म्हणाली, "मंग हे आधी सांगाले काय झालतं तुले?"

उपचार पुरे झाले, गाठ बसली, बाई पुन्हा कापूस वेचायला लागली. यंदा दुखणं उलटलं. त्या तीन दिवसांमुळं तर नाही ना, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मग दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं.

हल्ली वर्गात काहीही शिकवलं की मुलांना विचारतो, "आता घरी जाऊन काय कराल, ते सांगा." मुलं हसतात. मला मात्र फळ्यापुढं घाम फुटतो. बाई अडाणी नव्हती हो... तिनं माझा शब्द न् शब्द खरा मानला होता.