नसरीनने ढिली ठेवायला सांगितलेली वायर

चूक माझी होती आणि बोलणी तिने खाल्ली.

आज नसरीनला जाऊन एक वर्ष झालं. ती चूक तिला सांगायची होती. आता तुम्हाला सांगते.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर होतो. तिच्या अब्बांचं वडीगोद्रीला हायवेवर पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. सुट्टीत ती तिथेच रमायची. सिस्टर नखं तपासायच्या तेव्हा हिच्या नखांत काळं ग्रीस. माझी मात्र नखं स्वच्छ, रिबिनी सारख्या, वह्यांना कव्हरं.

मी बँकेतून रिटायर झाले, तिचे मियाँ गेले, मुलगी सना लग्न होऊन दुसऱ्या गावी. दोघी एकट्या.

एक दिवस ती म्हणाली, लाकडावर नक्षी कोरणारं छोटं सीएनसी मशीन घेऊ या. सुटे भाग मागवू, आपणच जोडू.

साठी ओलांडलेल्या दोन बायका. लोक हसले. जालन्यातल्या माझ्या मागच्या खोलीत मशीन उभं राहिलं.

मी मोबाइलवर इंग्रजी वाचून अर्थ सांगायची, ती हात चालवायची.

"तू नुसती वाचूनच राह्यलीस, सुलू. मोटरला इंग्लिश येत न्हाई. हात लाव तिला."

कोरणारं टोक सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या चार वायरी, दोन जोड्या. कुठली कुणाची जोडी ते मी रंगावरून ठरवलं आणि चुकले. तिने दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली आणि मोटरचा दांडा माझ्या बोटांत दिला.

"फिरव. हलका फिरला तर ही जोडी न्हाई. जड लागला तर जोडी."

जड लागला. मला जादूच वाटली.

वायरी मात्र तिने तशाच लोंबत्या ठेवलेल्या. माझ्या डोळ्यांना ते खुपायचं. एका दुपारी ती नमाजला गेली असताना मी सगळ्या वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कसून बांधल्या. अगदी सरळ रेषेत.

ती बघून म्हणाली, "मोटर मागं-पुढं सरकते, वायरला तिच्यासंगं हलायला जागा लागते. ढिली राहू दे."

मी म्हटलं, किती छान दिसतंय ते बघ ना.

"राहू दे मंग. तुझ्या सिस्टरांना बरं वाटेल."

त्यानंतर ती सनासाठी रेहल करायला बसली. रेहल म्हणजे कुराण ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड, दोन पाकळ्यांचं. पहिली पाकळी सुरेख उतरली. दुसरीवर अर्ध्यात मोटर अडखळली आणि नक्षीतली वेल बोटभर बाजूला सरकली. शिसवीची फळी वाया गेली.

तिला वायर बघायची होती. मी मोबाइल पुढे केला. इथे लिहिलंय, करंट कमी पडतोय. मी ड्रायव्हरचा, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या सर्किटचा, स्क्रू फिरवला. मोटर इतकी तापली की हात लावेना.

"थंडी होऊ दे आधी. मंग हात लावू."

मला तेवढाही धीर नव्हता. मी म्हणाले, "मोटरचं काही नाही. फळी तूच नीट आवळली नसशील. हात थरथरतात तुझे हल्ली."

तिने ओढणीने चष्मा पुसला. "बराबर आहे," म्हणाली आणि घरी गेली.

चौथ्या दिवशी पहाटे सनाचा फोन आला. नसरीन झोपेतच गेली.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. जनाजा वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते.

नंतर मी त्या खोलीला कुलूप लावलं.

गेल्या महिन्यात सना आली. "खाला, अम्मीच्या बरसीला त्या रेहलवर कुराण ठेवून पढायचंय. झाली होती का ती?"

मी कुलूप काढलं.

मशीन सुरू केलं. मोटर घुरघुरली, जागच्या जागी थरथरली, फिरली नाही. स्विच बंद करून तिचं कनेक्शन शेजारच्या मोटरच्या ड्रायव्हरला लावलं. पुन्हा सुरू केलं, तरी तेच. म्हणजे ड्रायव्हर ठीक होता.

पुन्हा स्विच बंद. वायरींची ड्रायव्हरकडची टोकं सोडवली. पहिली जोडी टेकवली, दांडा जड लागला. दुसरी टेकवली.

हलका. अगदी हलका फिरला.

एका हातात टोकं, दुसऱ्यात दांडा. वायर चाचपायला तिसरा हात लागणार होता. तो नेहमी तिचा असायचा.



मग टोकं एकमेकांत पिळली आणि मोकळ्या झालेल्या हाताने वायर थोडी थोडी हलवत पुढे गेले. एका जागी आले आणि बोटांतला दांडा एकदम जड झाला. वायर सोडली की हलका, दाबली की जड.

ती जागा माझ्या प्लास्टिकच्या पट्टीखाली होती. पट्टी कापली. वरून वायर अखंड दिसत होती. सोलून पाहिलं तर आत तांब्याची तार ताणून ताणून तुटलेली.

तिचे हात थरथरत नव्हते.

तो तुकडा काढून नवी वायर जोडली, स्क्रू होता तिथे आणला, आणि दुसरी पाकळी नव्या फळीवर कोरली. वेल जागची हलली नाही.

रेहल देताना सनाला सगळं सांगितलं. तिने रेहलच्या वेलीवरून बोट फिरवलं.

मग म्हणाली, "अम्मीनं मला फोनवर सांगितलं होतं, खाला. म्हणे, सुलू गरम झाली. थंडी होऊ दे, मंग जाते."

ती रुसली नव्हती. मी थंड व्हायची वाट बघत होती.

मी तर त्याच संध्याकाळी थंड झाले होते, नसरीन. एक फोन मला करता आला असता.

आज तुझ्या घरी त्या रेहलवर कुराण उघडलं. मी मागे बसून ऐकलं. आत्ता घरी आले, मशीनसमोर बसून हे लिहिते आहे. तुझं स्टूल तिथेच आहे.

वायर ढिली ठेवली आहे.

खुदा हाफिज, नसरीन.