पडद्याच्या मागल्या बाजूचा सिनेमा

दिवाळीत तुम्ही तिघांनी मिळून फोन केलात आणि फराळाचं विचारायचं सोडून आपसात भांडत बसलात. सगळ्यात चांगले सिनेमे कोणत्या दशकात झाले, यावर. थोरल्याचं म्हणणं पन्नासचं दशक, मधलीचं सत्तरचं. धाकट्याने निवाडा माझ्यावर सोपवला. मी विचारलं, वीसचं आणि तीसचं कुणीच कसं धरत नाही? तेव्हा थोरला हसला. "आजी, तेव्हा होतंच काय? नुसती हलणारी चित्रं." एवढं झालं आणि लाइन तुटली.

तुटली ते बरं झालं. मला राग आला की तोंडाने नीट बोलता येत नाही, लिहिताना येतं. म्हणून क्रमाने लिहिते. आधी जागा, मग माणसं, मग भांडण.

कर्जतला तेव्हा सिनेमाचं थिएटर नव्हतं. भातं कापून झाली, खळी उरकली की एक तंबूवाला यायचा. स्टेशनच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, मोकळ्या झालेल्या शेतात त्याचा तंबू उभा राहायचा. काही दिवस आमच्याकडे खेळ करून तो सगळा पसारा बैलगाड्यांवर घालून चौक, खालापूर करत खोपोलीला जायचा. तंबूच्या मधोमध दोन खांबांना पांढरा पडदा बांधलेला असे. पुढच्या बाजूला पुरुष बसत. हातात काठी घेऊन गोष्ट समजावून सांगणारा माणूस त्यांच्या बाजूला, पेटी-तबला त्यांच्याच बाजूला. बायका पडद्याच्या मागे.

हो, मागे. खेळ सुरू होण्याआधी तंबूवाल्याची माणसं पडद्यावर बादल्यांनी पाणी मारत. ओलं कापड पातळ होतं आणि चित्र आरपार दिसतं. आम्हाला ते उलटं दिसायचं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. नायक तलवार डाव्या हाताने चालवायचा, नवरी नवऱ्याच्या भलत्याच बाजूला बसायची. पुराणातला देव प्रकट झाला आणि त्याने आशीर्वादाला हात उचलला, तेव्हा डोंगराकडच्या गावातून आलेली एक बाई माझ्या मागून म्हणाली होती, "अगं, देव डाव्या हातानं आशिर्वाद देतोय."

तिची सोबतीण म्हणाली, "उजवा दुकत आसंल. सगल्या गावाला देतोय सकाळपासून."

"मंग आपल्याला डावाच का?"

"मागं बसलोय ना आपन. मागं बसनाऱ्याला डावाच."

या हातांवरून घराघरांत भांडणं होत. नवरा म्हणे राक्षसाला उजव्या हाताने मारलं, बायको म्हणे मी डोळ्यांनी पाहिलंय, डाव्या. दोघंही खरं बोलत.

आता माणसं. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्याने, वडिलांच्या थोरल्या बहिणीने. ती लग्न कळायच्या आधी विधवा झाली होती. केस काढलेले, अंगावर लाल आलवण. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, लग्नाच्या मांडवात ती जात नसे, आणि कीर्तनाला गेली तर देवळात खांबाच्या आड बसत असे. वर्षातून एकदा तंबू आला की ती पडद्यामागे येऊन बसायची. तिथे काळोख असायचा. शेजारी सवाष्ण बसली आहे की विधवा, वकिलाची बहीण की लाकडाची मोळी विकणारी, कुणाला दिसत नसे आणि कुणी बघतही नसे. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. आत्या तिथे मोठ्याने हसायची. घरात मी तिला तसं हसताना पाहिलेलं नाही.

आणि मी वाचायची. मूकपटात मधे मधे मजकुराच्या पाट्या येत, मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत. आमच्या बाजूने त्या आरशातल्यासारख्या दिसत. काठीवाल्याचा आवाज पलीकडच्या गोंगाटात विरून जाई. वडील कर्जतच्या कोर्टात वकील. त्यांनी मला घरी इंग्रजी शिकवलं होतं, पुढे पुण्याला मामाकडे ठेवून मॅट्रिकही केलं. उलटी अक्षरं वाचायची सवय मात्र मला तंबूत लागली. दोन-तीन वर्षांत मी ती सरळ अक्षरांइतकीच भराभर वाचू लागले. पाटी आली की मागून पाठीत बोट टोचायचं, "वाच गं, वाच. पलतोय तो." मी मोठ्याने वाचायची आणि शंभर बायका गप्प होऊन ऐकायच्या. सुट्टीत पुण्याहून आले की मी आधी तंबू आला का ते विचारायची.

हे आमचं वीसचं दशक. याला तुम्ही "होतंच काय" म्हणालात.

मग बोलपट आले. पुण्यामुंबईला आधी, आमच्या तंबूत काही वर्षांनी. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी आले होते. तंबूवाल्याने दवंडी पिटवली की या वर्षी चित्रं बोलणार आहेत, गाणार आहेत. दिवेलागणीनंतर आम्ही बायका नेहमीसारख्या मागच्या बाजूला गेलो. तिथे आमच्या जागेवर आवाजाची एक मोठी लाकडी पेटी उभी होती, तिच्याभोवती तारा, आणि दोराचं कुंपण. पडदाही नवा, जाड. मागून पाहिलं तर काळा. पलीकडून कोणी बाई गायला लागली, इतकी जवळ की जणू पेटीतच बसली आहे, आणि आम्हाला दिसत होतं फक्त कापड. बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुढे जायला कुणी तयार नव्हतं, पुढे सगळे पुरुष होते. मग एकेक करून परतल्या. आत्या माझ्या हाताला धरून घरी आली आणि दिवा मालवून निजली.

त्या रविवारी सकाळी आमच्या ओटीवर सभा भरली. वडील, मराठी शाळेचे हेडमास्तर, स्टेशनातले मास्तर आणि स्वतः तंबूवाले शेठ. तंबूची परवानगी वडील मिळवून देत, म्हणून शेठ दर वर्षी चहाला येत. विषय तुमचाच होता, बाळांनो. गेल्या दहा वर्षांचे मूकपट श्रेष्ठ की आताचे बोलपट. मी दाराशी उभी होते, आत्या आत चुलीपाशी.

हेडमास्तर मूकपटाच्या बाजूचे. म्हणाले, "न बोलता जो रडवतो तो नट. हे नुसते पोपट आणलेत तुम्ही, शेठ."

स्टेशनमास्तर म्हणाले, "अहो, मुक्यांचा बाजार होता तो. काल माणूस माणसासारखं बोललं. दहा वर्षांत पाहिलं त्यापेक्षा एका खेळात जास्त पाहिलं."

"पाहिलं की ऐकलं?"

"दोन्ही. तुमच्या वर्गात मुलं दोन्ही करत नाहीत, म्हणून तुम्हाला नवल."

असं बराच वेळ चाललं. सगळे हसत होते. पडद्यामागे काय झालं याचा एक शब्द कुणी काढला नाही. मला वाटतं त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. शेवटी वडील कौतुकाने माझ्याकडे वळले. "आमची मॅट्रिक काय म्हणते ते विचारू."

मी म्हणाले, "मूकपट श्रेष्ठ. ते आम्हाला दिसत होते. बोलपट आम्ही पाहिलेलाच नाही."

शेठ ओशाळले. म्हणाले, "काय करू बाई, आवाजाची पेटी मागंच ठेवावी लागते. मुंबईहून तसंच सांगून पाठवलंय."

मी म्हणाले, "मग पुढच्या बाजूला मधोमध कापडाची कनात लावा. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका."

स्टेशनमास्तर म्हणाले, "एका तंबूत? मला या गावात राहायचंय. आणि खरं सांगू का वकीलसाहेब, या वादात बायकांचं मत धरायचं कसं? त्यांनी दहा वर्षं सगळं उलटं पाहिलंय."

यावर हशा झाला. हेडमास्तरही हसले, आणि ते माझ्या बाजूचे होते.

मी म्हणाले, "तुम्ही रोज आरशात बघून दाढी करता. तुमची दाढी उलटी होते का?"

वडिलांनी डोळे वटारले. म्हणाले, "पुरे. योग्य वेळी बघू." आणि आत हाक मारली, "ताई, चहा."

चहा आला नाही. पुन्हा हाक मारली. तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे, दाराआडूनही नाही. ती म्हणाली, "चहा परसदारी ठेवलाय. मागच्या बाजूने या आणि तिथेच बसून घ्या. चव तीच लागते."

आमच्या परसदारी गोठा, शेणाचा ढीग आणि कपडे धुवायचा दगड होता. तिथे पाहुण्यांना चहा देणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. स्टेशनमास्तर उठले, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि गेले. वास्तविक तेव्हा कोणतीच गाडी नव्हती. हेडमास्तर उपरण्याशी चाळा करत बसले. शेठ मात्र उठले, घराला वळसा घालून मागे गेले आणि कपडे धुवायच्या दगडावर बसून त्यांनी कप उचलला. म्हैस त्यांच्या पगडीला हुंगत होती. अर्धा चहा झाल्यावर ते दाराकडे न बघता म्हणाले, "ताई, कनात लावतो. पण तुम्ही बायकांना घेऊन या. माणसं आली नाहीत तर मला कनात काढावी लागंल."

आत्या आतून म्हणाली, "येतील."

दोन दिवस ती घरोघर निरोप पाठवत होती. पाण्याला येणाऱ्या, भाजी घेऊन येणाऱ्या, दळणाला जाणाऱ्या, प्रत्येकीला सांगत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात बायका जमल्या. इतक्या येतील असं मलाही वाटलं नव्हतं. आत्याने धुतलेलं आलवण नेसलं, डोक्यावरून पदर नीट ओढून घेतला आणि ती ओसरीवर आली.

वडील दारात उभे होते. म्हणाले, "ताई, तू नको. बाकीच्या जाऊ देत."

आत्या म्हणाली, "का रे? मीच तर बोलावलंय त्यांना."

"मागच्या बाजूला तुला कुणी बघत नव्हतं. ही पुढची बाजू. मधे मधे बत्त्या लावतात. कनातीवरून सगळं दिसतं. गावात तोंड दाखवायचंय मला."

माझे वडील गावात सुधारक म्हणून ओळखले जात. मुलीला मॅट्रिक केलं म्हणून. हे वाक्य त्यांनी आवाज न चढवता, अगदी समजुतीने म्हटलं, आणि त्याच कारणाने मला ते आजवर सहन झालेलं नाही. मी म्हणाले, "आत्या येणार नसेल तर मीही जात नाही."

आत्या माझ्याकडे वळली. "तू गेली नाहीस तर या सगळ्या परत जातील. मग उद्या कनात निघेल. जा."

मी गेले. सगळ्यांना घेऊन गेले. कनातीच्या आमच्या अंगाने चित्र तिरकं दिसत होतं, नायक काठीसारखा बारीक आणि नायिका त्याहून. पण सरळ होतं आणि आवाज येत होता. डोंगराकडच्या त्या दोघी माझ्या मागेच बसल्या होत्या. पहिली म्हणाली, "आज उजवा हात हाय गं याचा." दुसरी म्हणाली, "आज पुढं बसलोय ना." सगळ्या हसल्या. बत्त्या लागल्या तेव्हा कनातीच्या वरून काही पुरुष डोकावले आणि आमच्यापैकी कुणीही मान खाली घातली नाही. आत्या तिथे असती तर तिनेही घातली नसती, याची मला खात्री आहे. वडिलांना नव्हती. किंवा होती, आणि तीच त्यांना नको होती.

कनात पुढे दर वर्षी लागत गेली. नंतर कर्जतला पक्कं थिएटर झालं तेव्हा बायकांच्या बाजूला लाकडी बाकंही आली. आत्या कधीच आत गेली नाही. वडिलांच्या हयातीत त्यांनी जाऊ दिलं नाही आणि त्यांच्यानंतर तिला दिसेनासं झालं.

तेव्हा निवाडा लिहून घ्या. पन्नासचं, सत्तरचं, तुमचं सगळं मी पाहिलंय, तिकीट काढून, मधल्या रांगेत बसून. चांगलं होतं. पण दशकाची प्रतवारी करताना तुम्ही पडद्याकडे बघता, पडद्यासमोर कोण बसलंय आणि कोण घरी राहिलंय हे विचारत नाही. आमच्या ओटीवर भांडणाऱ्या त्या शहाण्यांनीही विचारलं नव्हतं. माझं मत वीसच्या दशकाला, कारण तेव्हाचे सिनेमे माझ्या आत्याला बघायला मिळत होते. कला, आवाज, रंग यांचं काय म्हणायचं ते तुम्ही तिघं म्हणा.

कनातीतल्या त्या पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी आत्या परसदारी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. मूठभर डाळिंब्या झाल्यावर तिने विचारलं, "तो नेहमीचा नायक होता का? घोड्यावरचा?"

"होता."

"त्याचा आवाज कसा आहे गं?" दहा वर्षं तिने त्या माणसाचे ओठ हलताना पाहिले होते.

मी म्हणाले, "किनरा. बोकडासारखा."

ती हसली. म्हणाली, "मग गेले नाही ते बरंच झालं."

मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली. मला अजून बरं वाटलेलं नाही.