मालनचा पाट

"मावशी, आई गेली..." उंब्रजहून मालनच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी इथं सांगलीत, विश्रामबागच्या घरी मेथी निवडत बसले होते. महिना होत आला. खरं सांगते, या वयात रडायचंही त्राण उरत नाही.

मालन माझी कडेगावची बालमैत्रीण. शाळेच्या खो-खो संघात तिच्यासारखी पोरगी नव्हती. चवड्यांवर बसलेली, हात जमिनीला, पाठीवर थाप पडली की वाऱ्यासारखी सुटायची. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. मालननं एकही फाऊल केला नाही. अगं बाई, एखादा करायचा होतास की!

सर घरी आले, पोरीला सांगलीच्या कॉलेजात पाठवा म्हणाले. वडील म्हणाले, "उसाची तोड जाऊ द्या, मग बघू." तोड गेली आणि त्याच हंगामात मालनही उंब्रजला सासरी गेली.

नवरा फौजी, स्वभावानं देवमाणूस. तो पेन्शनीवर आला तेव्हा गावच्या शाळेनं तिला विचारलं, पोरींना खो-खो शिकवाल का? "घरात इचारून सांगते," हिचं उत्तर. नवऱ्यानं माझ्यासमोर कपाळावर हात मारला. "अगं, मी कवा न्हाई म्हनलो? जा की!" तर म्हणे, सून येऊ दे, मग बघू. सून आली, नातू झाला, गुडघे कुरकुरायला लागले... दरवेळी दारात कुणी आडवं उभं असतंच असं नाही हो. मी तिला सांगून सांगून थकले.

पुढं नवरा वारला, मुलगा-सून पुण्याला गेले. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "आता तरी जा मैदानावर." तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "घरात इचारते."

घरात आम्ही दोघीच होतो.

"कुणाला गं?" मी विचारलं. तिनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. मग पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "सवय लय वाईट, गड्ये. उद्या जाते बघ." गेली नाही.

त्या स्वयंपाकघरात मुलानं आणलेला सागवानी पाट कायम भिंतीला टेकलेला असायचा. मालन त्यावर कधी बसली नाही. भांडी घासताना, भाजी चिरताना चवड्यांवरच, मागून आत्ता कुणीतरी थाप मारणार असल्यासारखी. तेराव्याला गेले, तर तोच पाट मांडलेला, त्यावर हार घातलेला तिचा फोटो.

बसलीस गं बाई शेवटी.