साठ वाणांची तूर आणि एकच नियम

"पद्धत कडक घ्या, पण शकीलभाईंचा वाण राहिला पाहिजे," जाधव सर म्हणाले. मीटिंग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका बियाणे कंपनीत स्टॅटिस्टिशियन आहे. जाधव सर आमचे आर अँड डी हेड. पडेगावच्या बाजूला आम्ही तुरीचे साठ नवे वाण लावले होते. प्रत्येकाची तुलना बाजारात चालणाऱ्या एका जुन्या वाणाशी करायची. त्याला आम्ही 'चेक' म्हणतो. चेकपेक्षा सरस तेवढे पुढच्या हंगामात जातात, बाकीचे बंद. काढणीचे आकडे प्राजक्ताकडे, म्हणजे आमच्या ॲनालिस्टकडे आले होते. फाईल कुणी उघडली नव्हती.

अडचण साधी होती. एका चाचणीत आम्ही पाच टक्के चूक चालवून घेतो. म्हणजे वाण चेकइतकाच असला तरी शंभरात पाचदा नुसत्या नशिबानं सरस दिसणार. साठांपैकी एकही खरोखर सरस नसला, तरी सरासरी तीन पास होणार. याला मल्टिपल टेस्टिंग म्हणतात. उपाय बरेच आहेत, आणि आमच्याकडे प्रत्येकाचा वेगळा होता.

सरांना कडक पद्धत हवी होती, एकही खोटा, म्हणजे नुसत्या नशिबानं पास झालेला, वाण आत नको. प्राजक्ताला एफडीआर, म्हणजे निवडलेल्या दहांत सरासरी एक खोटा निघाला तर चालेल. शकीलभाईंना यातलं काहीच नको होतं, साधी पाच टक्क्यांची चाचणी पुरे. ते ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारे. एकोणीस नंबरच्या वाणावर त्यांची सात वर्षं गेली होती.

"मॅडम, लई कडक नका करू. माझा एकोणीस उडायचा."

"म्हणूनच नियम ठरेपर्यंत फाईल उघडायची नाही," मी म्हणाले.

मी प्लॅन मांडला. कॉम्प्युटरवर साठ वाणांचे बनावट आकडे मी तयार करते. त्यातले आठ सरस ठेवते, कोणते ते मलाच माहीत. असे शेकडो संच. ज्यानं त्यानं आपली पद्धत लावायची. पण जिंकलं कोण, हे कशावरून?

"खोटा वाण पुढं गेलेला जास्त वाईट, की खरा हातचा गेलेला?" मी विचारलं.

"दोन्ही," सर म्हणाले.

"मग काहीच ठरलं नाही, सर."

शकीलभाई बोलले. "खोटा गेला तर पुढच्या ट्रायलला उघडा पडतोच. खरा गेला तर त्याला परत कोण लावतंय?"

"बरोबर. पण पुढच्या ट्रायलचे प्लॉट काही वाढणार नाहीत," सर म्हणाले. "दहांत एकापेक्षा जास्त खोटे नकोत."

तोच नियम झाला. दहांत एकाच्या आत राहून जास्तीत जास्त खरे वाण पकडेल, ती पद्धत. तो कागदावर लिहून चौघांनी खाली सह्या केल्या.

दोन आठवड्यांनी बनावट आकड्यांचा निकाल आला. कडक पद्धतीनं निम्म्याहून जास्त खरे वाण हातचे घालवले. शकीलभाईंच्या निवडीत पाव भाग खोटे निघाले. एफडीआर नियमात बसली, आणि कडकपेक्षा खरे वाणही जास्त पकडले. शकीलभाई म्हणाले, "मान्य."

मग खरी फाईल उघडली. पाच वाण पास झाले. एकोणीस नंबर सहावा होता, थोडक्यात बाहेर.

सर म्हणाले, "दहा टक्क्यांचे बारा केले तर?"

खरं सांगते, तो हिशोब मी मनात आधीच करून बसले होते. बारा टक्क्यांत एकोणीस बसत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकीलभाई म्हणाले, "नको सर. सही हाय माझी त्याच्यावर." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बी तेवढं कोल्ड स्टोअरला ठेवू द्या."

ठेवू दिलं. ते स्वतः पिशवी बांधून घेऊन गेले.

पुढच्या हंगामात पाचांपैकी एक वाण खोटा निघाला. चार टिकले. एकोणीस नंबर परत लावलाच गेला नाही. तो खरा होता की नशिबाचा, हे मला आजही सांगता येत नाही.

नियम आधी ठरवला म्हणून निर्णय बरोबर येतोच असं नाही. तो कुणाकडं बघून बदलला नाही, एवढंच सांगता येतं.