भावाच्या नावावर घेतलेलं पिस्तूल

मला पिस्तुलाचा परवाना मिळाला तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या कृपेनं.

अर्जात 'जिवाला धोका कोणापासून?' असा रकाना होता. आता मला कोण मारणार? (गावात माझ्यावर कुत्रंसुद्धा भुंकत न्हाई!) पण कमरेला पिस्तूल असल्याबिगर वडवणीच्या बाजारात कुणी 'या, बसा' म्हणत न्हाई, म्हणून मला ते पाहिजेच होतं. त्याच आठवड्यात शेताच्या बांधावरून थोरल्याशी, म्हणजे अण्णाशी, वाजलं होतं. ठोकलं त्याचंच नाव! चार दिवसांत भांडण मिटलं, अण्णा घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेला. अर्जातलं नाव मात्र तसंच राहिलं. ते अण्णाला कधी कळू नये, एवढंच देवाकडं मागणं होतं.

मग निवडणूक लागली. परवान्याची हत्यारं संध्याकाळपर्यंत ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. म्हणलं, तिथं मोठमोठ्या लोकांची पिस्तुलं शेजारी असतील, आपलं उठून दिसलं पाहिजे! गोळ्या काढून कपाटात कुलूपबंद केल्या, मुठीवर रेडियमचा वाघ चिकटवला, बुटाच्या पॉलिशनं घासघास घासलं. मग मोबाईलवर बघून खोलायला घेतलं, तर आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट बायकोच्या परातीत!

"अहो, पिठात काय टाकलं ह्ये?"

"स्प्रिंग हाय. हळू मळ!"

"मळू? पीठ घाला म्हशीला, अन् त्ये पिस्तूल बी!"

स्प्रिंग सापडली, पण पिस्तूल काही जुळेना. जोडलं की दोन तुकडे उरायचे. चार वाजले. असलं खुळखुळं घेऊन ठाण्यात गेलो तर परवाना जाणार, वर अख्खा तालुका हसणार.

"अण्णाला बोलवा," बायको म्हणली. "गावाच्या मोटारी तेच जुळवतेत."

अण्णा हातातलं काम टाकून आला. "येडा हाईस का बे? कावून खोललं?" म्हणत मांडी घालून बसला. "खाली कागद अंथरा, तेल गळतंय." बायकोनं कपाटातले हाताला लागले ते कागद अंथरले. मी हाताचं पॉलिश धुवायला गेलतो. परत आलो तर अण्णा एकेक तुकडा पुसत होता, आणि खाली माझ्या अर्जाची झेरॉक्स!

अण्णानं त्यावरचं आपलं नाव वाचलं. वाघ खरवडून काढला, पिस्तूल जुळवलं, फडक्यानं लख्ख पुसून माझ्यापुढं ठेवलं.

"मी मारणार हुतो व्हय रे तुला?"

"अण्णा, ते नुसतं कागदावर..."

"पोरांच्या हाताला लागू दिऊ नको," एवढं म्हणून चपला घालून गेला. मला लई लाज वाटली. तेव्हापासून अण्णा आला न्हाई. दिवाळीला न्हाई, माझ्या पोरीच्या साखरपुड्याला न्हाई.

औंदा परवाना वाढवायला गेलो. धोक्याच्या रकान्यात अण्णाचंच नाव असलेला नवा अर्ज कारकुनानं वाचला.

"भावाशी बोलणं हाय?"

"न्हाई, साहेब."

"येणं-जाणं?"

"न्हाई."

"मग वैर पक्कं हाय की!" म्हणत त्यानं धाडकन शिक्का मारला.

काय करता! एकही थाप नसलेला माझा हा पहिलाच सरकारी अर्ज!